पाण्याची भीती घेऊन पवित्र भूमीत ९ दिवस

निघायच्या आदल्या रात्री बॅगा भरून झाल्या होत्या, थर्मल, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, बीपीच्या गोळ्या, बायबल सगळं आत गेलं होतं आणि तरी मी पलंगावर बसून इस्राएल-जॉर्डनच्या टूरचा कागद परत परत वाचत होते. चौथा दिवस, गालील समुद्रात बोट राइड. त्या ओळीखाली मी पेनाने एवढ्या रेघा मारल्या होत्या की कागद फाटायला आला होता. हे म्हणाले अगं नको वाटलं तर काठावर बस, कोण जबरदस्ती करणारे. पण काठावर बसायला मी एवढे पैसे भरून कशाला चालले होते हे मला पण कळत नव्हतं.

आधी हे सांगायला पाहिजे नाहीतर पुढचं काही समजणार नाही. माझं माहेर गंगापूर तालुक्यात, नगरहून जाताना प्रवरासंगमचा पूल ओलांडून पलीकडे. १९७९ च्या उन्हाळ्यात मी १० वर्षांची होते, धाकटा भाऊ ६ वर्षांचा, आम्ही त्याला बाळच म्हणायचो. दोघं कळशी घेऊन पायऱ्यांच्या विहिरीवर गेलो, पाणी पार खाली गेलेलं, खालच्या पायऱ्यांवर शेवाळ, आणि त्याचा पाय सरकला. एवढंच सगळ्यांना माहितीये. पण मी ओरडले नाही. तोंडातून आवाजच निघाला नाही, पायऱ्या चढून वर आले आणि वर येऊन सुद्धा किती वेळ नुसती उभी राहिले, शेवटी एका बाईने विचारलं तेव्हा मी हाताने विहिरीकडे दाखवलं. ही गोष्ट मी आईला सांगितली नाही, ह्यांनाही नाही. ४० वर्षं. त्या पुलावरून एसटी जायला लागली की मी डोळे मिटून घेते, पोरांना वाटायचं मम्मी प्रार्थना करते.

पहिला दिवस

२०१९ चा फेब्रुवारी. आम्ही नगर, संगमनेर आणि पुण्याचे मिळून ३४ जण, बरोबर आमच्या चर्चचे पाळकसाहेब. मुंबईहून निघून आखातात विमान बदललं आणि संध्याकाळी जॉर्डनमधल्या अम्मानला पोचलो. थंडी होती, हॉटेलवर डाळ-भात मिळाला, झोपलो.

दुसरा दिवस

सकाळी मदाबा. तिथल्या सेंट जॉर्ज चर्चच्या जमिनीवर सहाव्या शतकातला मोझेइकचा नकाशा आहे, बारीक बारीक रंगीत दगड बसवून केलेला, पवित्र भूमीचा इतका जुना नकाशा दुसरा नाही म्हणतात. सगळे यरुशलेम कुठंय ते शोधत होते. गाइडने काठीने यार्देन नदी दाखवली, ती मृत समुद्राला मिळते तिथं एक मासा काढलाय आणि त्या माशाने तोंड फिरवलंय, खारं पाणी लागलं म्हणून तो परत वरच्या बाजूला निघालाय. मला तो मासा बघून कसंतरीच झालं. चौदाशे वर्षं तो तिथंच आहे, तोंड फिरवून.

मग नबो डोंगर, साधारण ८०० मीटर उंच. बायबलमधल्या मोशेने इथूनच देवाने वचन दिलेला देश बघितला आणि त्याला आत जायला मिळालं नाही. हवा ढगाळ होती, खाली यरीहोच्या बाजूला नुसतं धुकं. पाळकसाहेबांनी उताऱ्यातल्या चारच ओळी वाचल्या. आमच्याबरोबर एक मावशी होत्या, ७१ वय, दोन्ही गुडघे गेलेले, त्या म्हणाल्या मोशेला नाही मिळालं आपल्याला मिळतंय, चला बाई बसमधी बसा. दुपारी बॉर्डर, तिथं तीन तास लाइनीत, रात्री उशिरा तिबिर्याला. हॉटेलची खिडकी गालील समुद्राच्या बाजूला होती, नावाला समुद्र, आहे सरोवरच. मी पडदा लावून घेतला.

तिसरा दिवस

नासरेथ आणि काना. काना म्हणजे प्रभू येशू लग्नाला गेला होता ते गाव, म्हणून कान्यात जोडप्यांनी पुन्हा लग्नाच्या शपथा घेतल्या, ह्यांचे डोळे भरून आले होते, मला ते कायम आठवणीत राहील. पण लिहायचंय ते दुपारचं.

दुपारी गिनोसारच्या किबुत्झमध्ये, म्हणजे तिथल्या सामुदायिक वस्तीत, जुनी होडी बघायला नेलं. १९८६ साली दुष्काळाने सरोवराचं पाणी खूप मागे हटलं होतं तेव्हा दोन मच्छीमार भावांना चिखलात तिचं लाकूड दिसलं. ख्रिस्ताच्या काळच्या आसपासची होडी. ८ मीटरच्या वर थोडी लांब आणि सव्वादोन मीटरच्या आसपास रुंद, म्हणजे आपल्या टेम्पोपेक्षा थोडी मोठी एवढंच. लाकूड भिजून इतकं मऊ झालेलं की हवेत ठेवलं असतं तर भुगा झाला असता, म्हणून कितीतरी वर्षं मेणासारख्या रसायनात बुडवून ठेवली होती.

मी तिच्याजवळ बराच वेळ उभी होते. ती एका लाकडाची नाहीये. दहा-बारा जातींची लाकडं आहेत, कुठं देवदार, कुठं ओक, कुठं दुसऱ्या मोडक्या होडीतून काढून लावलेली फळी. ठिगळं लावलेली होडी. आमच्या घरी आजी गोधडी शिवायची, ह्याच्या सदऱ्याचा तुकडा, त्याच्या धोतराचा तुकडा, अगदी तशी. लहानपणापासून संडे स्कूलच्या चित्रात बघितलेली होडी मोठी, गुळगुळीत, शिडाची असायची आणि वादळात येशूचे शिष्य उगीच घाबरले असं मला वाटायचं. ही होडी बघितल्यावर मला पहिल्यांदा कळलं की ते उगीच घाबरले नव्हते. पेत्र, आंद्रिया, याकोब, योहान ह्या सरोवरावर वाढलेली माणसं, पाणी त्यांना आपल्या अंगणासारखं, ती घाबरली म्हणजे खरंच बुडायची वेळ आली असणार.

रात्री झोप लागली नाही.

चौथा दिवस

सकाळी साडेआठला धक्क्यावर. लाकडाची मोठी बोट, बसायला बाकं, एकदम मजबूत, तरी मी केशरी लाइफ जॅकेट मागून घेतलं आणि दोन्ही पट्टे आवळले. चढताना पाळकसाहेबांनी हात दिला. बोट निघाल्यावर तिथल्या माणसाने आपला झेंडा वर चढवला आणि जन गण मन लावलं, सगळे उभे राहिले, मी पण राहिले, एका हाताने बाक धरून.

गाइड सांगत होता की हे सरोवर समुद्रसपाटीपासून २१० मीटर खाली आहे, २१ किलोमीटर लांब, १३ रुंद, खोली ४० मीटरच्या वर. चारी बाजूला डोंगर, त्यामुळे वरची थंड हवा घळीतून एकदम खाली उतरते आणि काही मिनिटांत पाणी खवळतं. पूर्वेचा वारा येतो त्याला मच्छीमार शर्किया म्हणतात आणि हिवाळ्यात तोच जास्त येतो. त्याने हे सगळं आम्हाला माहिती म्हणून सांगितलं, माझ्या पोटात गोळा आला.

मधोमध गेल्यावर इंजिन बंद केलं. ही तिथली पद्धत आहे, उपासना व्हावी म्हणून. एकदम शांतता, नुसता पाण्याचा चुबुक चुबुक आवाज बोटीच्या पोटावर. तोच आवाज होता. विहिरीत खाली दगडावर पाणी लागायचं तो आवाज. पाळकसाहेबांनी मार्कचा चौथा अध्याय काढला, वादळाचा, प्रभू उशी घेऊन मागे झोपलाय आणि होडीत पाणी भरतंय. ते वाचत असताना वारा आला. वादळ बिदळ नाही, खरं सांगते, बाकीच्यांना तर गार वाटून बरं वाटत होतं, पण बोट एका बाजूला कलली आणि परत दुसऱ्या बाजूला, आणि माझ्या पायाखालची फळी खाली गेली.

आणि मी ओरडले. जीव खाऊन. परत फिरवा, परत फिरवा असं काहीतरी, मराठीतच, त्या ज्यू माणसाला काय कळणार. सगळी बोट गप्प झाली. ह्यांनी मला धरलं तर मी त्यांना ढकलून दिलं.

मला वाटलं आता पाळकसाहेब म्हणतील ताई विश्वास ठेवा. आयुष्यभर मी हेच ऐकलंय, कधी प्रेमाने, कधी टोचून, की भीती वाटते म्हणजे विश्वास कमी आहे, आणि मी पण स्वतःला हेच म्हणत आलेय. बायबल अभ्यासात साक्ष द्यायची वेळ आली की मी भीतीबद्दल कधी बोलले नाही, लाज वाटायची. पाळकसाहेब पुस्तक बंद करून येऊन माझ्या पुढे खालीच बसले, बोटीच्या फळीवर, पँट ओली झाली त्यांची. म्हणाले, ताई, शिष्यांनी पण हेच केलं. ओरडून उठवलं त्याला, गुरुजी आम्ही बुडतोय तुम्हाला काहीच वाटत नाही का. आणि तो उठला. आधी वाऱ्याला गप्प केलं आणि मग त्यांना विचारलं का घाबरलात. आधी विचारलं नाही. आधी वाचवलं.

मी हा उतारा शंभर वेळा वाचला असेल. हा क्रम माझ्या कधी लक्षात आला नव्हता.

आणि मग मी तिथंच, ३३ माणसांसमोर, विहिरीचं सगळं सांगितलं. ओरडले नव्हते ते. कळशी, शेवाळ, हाताने दाखवलं ते. वारा चालूच होता. कुणी काही बोललं नाही, मावशींनी फक्त पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, पोरी १० वर्षांची होतीस गं तू. पाळकसाहेब एवढंच म्हणाले की ४० वर्षांनी आवाज निघाला, परमेश्वराने ऐकला. इंजिन चालू झालं तेव्हा कोणीतरी हळू आवाजात भजन सुरू केलं, झांजा पिशवीतच राहिल्या. माझे हात थरथरत होते, भीती तसूभर कमी झाली नव्हती, पण मी डोळे उघडे ठेवले होते आणि पाण्याकडे बघत होते. हिरवट पाणी, त्यावर उन्हाचे तुकडे.

त्यानंतर कफर्णहूम, काळ्या दगडाची घरं, पेत्राचं घर म्हणतात त्यावर आता खांबांवर उभं केलेलं चर्च आहे. ताबघ्याला भाकरी आणि माशांचं मोझेइक. जेवायला तळलेला अख्खा मासा, त्याला पेत्राचा मासा म्हणतात, आपल्याकडच्या चिलापीसारखाच, काटे भरपूर. मी त्या दिवशी पोटभर जेवले.

पाचवा दिवस

यार्देनीत नावाचं बाप्तिस्म्याचं ठिकाण, सरोवरातून यार्देन नदी बाहेर पडते तिथं जवळच. लोक पांढरे झगे भाड्याने घेऊन पाण्यात उतरत होते, उतरायला पायऱ्या आणि धरायला लोखंडी कठडे. पाळकसाहेबांनी आधीच स्पष्ट केलं होतं की आपल्या सगळ्यांचा बाप्तिस्मा लहानपणी झालाय, तो एकदाच होतो, हे फक्त शपथेची आठवण म्हणून. मला ते पटतं. आमच्या मंडळीत बाप्तिस्मा कपाळावर पाणी घेऊनच होतो आणि त्यात कमी काही नाही.

पण मला बुडी घ्यायची होती. बाळासाठी. बोटीनंतर मला वाटायला लागलं होतं की आता जमेल.

नाही जमलं. तिसऱ्या पायरीपर्यंत गेले, पाणी गुडघ्याच्या वर आलं, गार एवढं की पाय बधिर, पायाला बारके मासे लागत होते, आणि चौथ्या पायरीवर बोटाला बुळबुळीत लागलं. शेवाळ. मी कठडा सोडलाच नाही. माझ्या मागे लोक थांबले होते. पाळकसाहेबांनी मला पुढे ओढलं नाही, ओंजळीत पाणी घेतलं आणि माझ्या डोक्यावर तीनदा सोडलं आणि मला वर पाठवलं.

बसमध्ये मी रडत होते. वाटत होतं काल एवढं सगळं झालं आणि आज परत तेच. मावशी शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, पेत्र पाण्यावर चालला ना? मी म्हणलं हो. मग बुडाया लागला ना? हो. मग काय झालं? मी म्हणलं प्रभूने हात धरला. तर मावशी म्हणाल्या, हां, मंग हात धरूनच होडीत आणला त्याला, चालत पाठवला का परत एकटा? मला माहिती नाही बायबलच्या पंडितांना हे चालेल का, पण मला चाललं.

सहावा दिवस

यरीहोहून वर यरुशलेमच्या रस्त्याला वादी केल्ट. खोल घळ, दोन्हीकडे कोरडे कडे आणि समोरच्या कड्याला चिकटलेला सेंट जॉर्जचा मठ. २३ व्या स्तोत्रातली मृत्युच्छायेची दरी हीच अशी परंपरा आहे. आम्ही कठड्यापाशी उभं राहून सगळ्यांनी पाठ म्हणलं, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे मला काही उणे पडणार नाही. पुढे येतं तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात. खाली एक बेदुईन पोरगा शेरडं घेऊन चालला होता, हातात काठी. नगर-मनमाड रोडला धनगर उतरलेले असतात तेव्हा बघा, कोकरू भरकटलं की काठीचं टोक पुढे येतं, मारत नाही, नुसतं अडवतं. स्तोत्रात दरी टळेल असं कुठंच म्हटलेलं नाही, तू माझ्याबरोबर आहेस एवढंच म्हटलंय. मी ते चौथीपासून पाठ म्हणतेय.

मृत समुद्र समुद्रसपाटीपासून ४३० मीटर खाली, पाणी इतकं खारं की माणूस बुडतच नाही. ह्यांच्या आग्रहाने मी कंबरेपर्यंत गेले आणि मागे रेलले, ह्यांचा हात मानेखाली होता. पाय आपोआप वर आले. थोड्या वेळाने ह्यांनी हात काढून घेतला ते मला कळलं नाही. दोन-तीन मिनिटं असेन. कानात पाणी गेलं आणि सगळे आवाज बंद झाले. बाहेर आल्यावर अंगाला नुसतं तेल लावल्यासारखं चिकट, नळाखाली अर्धा तास.

सातवा दिवस

सकाळी बेथलेहेम. जन्मस्थानाच्या चर्चचं दार जेमतेम सव्वा मीटर उंच, सगळ्यांना वाकून जावं लागतं, मावशींना दोघांनी धरून नेलं.

दुपारी गेथशेमाने. बागेत आठ खूप जुनी जैतुनाची झाडं आहेत, खोडं वडासारखी पिळवटलेली. शेजारचं चर्च १९२४ साली पूर्ण झालं, आत मुद्दाम अंधार ठेवलाय, खिडक्यांना जांभळट दगडी काचा, आणि वेदीसमोर उघडा खडक. प्रभूने पकडला जायच्या रात्री जिथं प्रार्थना केली तो खडक म्हणतात. लोक गुडघे टेकून त्यावर हात ठेवतात. माझा नंबर आला तेव्हा मी पण ठेवला. गार, खडबडीत, मधे मधे हातांनी घासून गुळगुळीत झालेला.

पाळकसाहेबांनी बाहेर आल्यावर झाडाखाली इब्री लोकांच्या पत्रातलं पाचव्या अध्यायातलं वचन वाचलं, की त्याने मोठा आक्रोश करीत आणि अश्रू गाळीत प्रार्थना केली. आक्रोश. येशू ख्रिस्ताने. हा दुःखाचा प्याला दूर कर म्हणाला तो, तीन वेळा म्हणाला, आणि शिष्य झोपले होते. गालीलात तो झोपला होता आणि शिष्य ओरडत होते, इथं तो ओरडत होता आणि ते झोपले होते. हे कुणी मला शिकवलं नाही, त्या झाडाखाली बसून माझंच मला सुचलं आणि मी ह्यांना सांगितलं तर हे बराच वेळ काही बोललेच नाहीत.

मी तिथं देवाला विचारलं की बाळ पडला तेव्हा तू कुठं होतास. कधी विचारलं नव्हतं, विचारणं पाप वाटायचं. उत्तर आलं नाही. पण विचारून झाल्यावर छातीवरचं जे दडपण असतं माझ्या कायम, ते थोडं सैल झालं, आणि मला असं पक्कं वाटलं की ज्याला मी विचारतेय त्याला विहिरीच्या तळाचं माहितीये.

आठवा आणि नववा दिवस

यरुशलेमचं जुनं शहर, प्रभू क्रूस घेऊन चालला त्या दुःखमार्गाची १४ ठिकाणं, कबरेचं चर्च, तिथं एवढी गर्दी की दोन तास रांग. संध्याकाळी बागेतली कबर, काही जण प्रभूची कबर ही मानतात, तिथं प्रभुभोजन घेतलं, जैतुनाच्या लाकडाचे छोटे प्याले प्रत्येकाला घरी न्यायला दिले. दुसऱ्या दिवशी परत बॉर्डर, परत विमान. एकीची बॅग आली नाही, ती चार दिवसांनी मिळाली.

आणि नंतरचा एक रविवार

हा टूरच्या कागदावर नव्हता. उपासना झाल्यावर ह्यांना म्हणलं मला माहेरी सोडा. प्रवरासंगमच्या पुलावर ह्यांनी गाडी हळू केली. जायकवाडीचं पाणी मागपर्यंत भरलं होतं, दोन्हीकडे लांबपर्यंत पाणी, कडेला बगळे. हात घामाने ओले झाले होते पण मी सगळा पूल बघितला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

आईला सगळं सांगितलं. आई ८२ ची आहे. ऐकून घेतलं, मग म्हणाली मला माहिती होतं, तू कित्येक महिने झोपेत हात वर करायचीस. एवढंच म्हणाली आणि काठी घेऊन उठली, चल म्हणाली.

विहिरीवर आता मोटर बसवलीय, कडेला लोखंडी जाळी, पायऱ्यांना कुणी उतरत नाही. आई वर दगडावर बसली. मी चप्पल काढली आणि भिंतीला हात लावून एक एक पायरी उतरले. प्रत्येक पायरीला येशू, येशू एवढंच म्हणत होते, दुसरं काही सुचत नव्हतं. खाली गार होतं, पारवे फडफडले. शेवटच्या कोरड्या पायरीवर बसले आणि पाय पाण्यात सोडले. चुबुक चुबुक तोच आवाज. पाय कापत होते, काढून नाही घेतले.

वरून आईने हाक मारली, आहेस ना गं?

आहे, मी ओरडले. जोरात ओरडले. आहे आई, आहे.

विहिरीतून आवाज घुमून वर गेला.